अर्ज जातात, फोन येत नाही: रेझ्युमे नेमका कुठे अडतो ते कसं शोधायचं

"इतक्या ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन नाही." मुलगा फोंड्याचा असो, वाळपईचा असो की कुडचड्याचा, तक्रार हीच असते. पाठोपाठचा निष्कर्षही ठरलेला: "गोव्यात ओळख नसली की काही होत नाही." ओळखीचं मी नाकारत नाही. राज्य छोटं आहे, प्रत्येकाचं कोणी ना कोणी कुठेतरी असतंच. पण कुंडई आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला भरतीचं काम करताना जे अर्ज समोर येतात त्यावरून सांगते, ओळखीपाळखीचा प्रश्न येण्याआधीच बरेचसे अर्ज बाद झालेले असतात. एकच रेझ्युमे सगळीकडे धाडलेला असतो. जाहिरातीत जे विचारलंय त्याचं उत्तर त्यात नसतं, किंवा असूनही ते शोधायला लागतं आणि शोधत बसायला समोरच्याला वेळ नसतो.

"मॅडम, रेझ्युमे जरा चांगला करून द्या" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, नक्की कुठे अडतंय? कारण उपाय त्यावर ठरतो. कुठूनच काही हालचाल नसेल, पोर्टलवर तुमचा अर्ज कोणी उघडल्याचंही दिसत नसेल, तर दोष फाइलमध्ये किंवा शब्दांत आहे. अर्ज पाहिलेला दिसतो पण फोन येत नाही, तर पहिल्या अर्ध्या पानात गडबड आहे. फोन येतो आणि दोन मिनिटांत "कळवतो" म्हणून संपतो, तर शिफ्ट, नोटीस पिरियड, मधली रिकामी वर्षं असलं काहीतरी रेझ्युमेत स्पष्ट नाही. आणि इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन तिथे पडत असाल, तर रेझ्युमेत जरा जास्तच लिहिलंय का ते पाहावं लागेल.

हे सगळं खाजगी नोकरीबद्दल आहे. सरकारी भरतीत रेझ्युमेला कोणी विचारत नाही. तिथे अर्जाचा नमुना, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, कोकणीचं ज्ञान आणि कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा यांवर सगळं चालतं. त्याची तयारी वेगळी, इथे ती नाही.

आधी फाइल तपासा

याला पाच मिनिटं पुरतात आणि तरीही हे कोणी करत नाही. रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करा, कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे उमटेल, साधारण तेच मोठ्या कंपन्यांचं अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर वाचतं. एटीएस म्हणतात ते हेच.

काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे एक फोटो आहे. झेरॉक्सच्या दुकानात छापील प्रत स्कॅन करून घेतली, किंवा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ केली की असं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी तो कोरा कागद. मजकूर पेस्ट झाला पण क्रम विस्कटला, फोन नंबर कंपनीच्या नावात घुसला आणि बारावीचे टक्के 'छंद'च्या खाली गेले, तर दोन रकान्यांचं टेम्प्लेट किंवा टेबल नडलंय. इंटरनेटवरची रंगीत टेम्प्लेटं दिसायला छान असतात, पण त्यांतली बरीच याच कारणाने फसतात. आणखी एक: नाव आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर हेडर-फूटर वाचतच नाहीत. एक रकाना, साधा फॉन्ट, 'एक्स्पीरियन्स', 'एज्युकेशन', 'स्किल्स' अशी सरळ इंग्रजी शीर्षकं, सगळीकडे तारखांची एकच पद्धत. बस झालं. आणि कौशल्यांच्या यादीत एक्सेलपुढे स्वतःला पाचपैकी चार तारे द्यायचे असतील तर ते कोणी दिले हेही सांगावं लागेल.

आता गोव्यातली खरी परिस्थिती अशी की मधल्या आणि छोट्या कंपन्यांत असलं सॉफ्टवेअर नसतंच. तिथे एक माणूस ईमेल उघडतो, तोही पुष्कळदा मोबाइलवर, बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत. त्याला ड्राइव्हची लिंक पाठवलीत आणि ती उघडल्यावर 'परवानगी मागा' असं आलं, तर तो परवानगी मागत नाही, पुढच्या अर्जाकडे जातो. फाइल जोडूनच पाठवा. तिचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल २' असं न ठेवता तुमचं नाव आणि पदाचं नाव ठेवा. ईमेलचा विषय रिकामा नको. आत निदान चार ओळी हव्यात: कोणत्या पदासाठी, त्यातलं नेमकं काय येतं, कधी रुजू होऊ शकता. कोऱ्या ईमेलला नुसती फाइल जोडून पाठवणारे इतके आहेत की चार ओळी लिहिणारा आपोआप वेगळा दिसतो.

०८३२ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर आला तर स्पॅम समजून कापू नका. कंपन्यांचे फोन बऱ्याचदा ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावरून जातात, आणि त्या नंबरवर परत फोन केला तर कोणी बोलावलं होतं हे ऑपरेटरला सांगता येत नाही.

नाव आणि पत्त्याचं स्पेलिंग हे आपल्याकडचं खास दुखणं. दहावीच्या सर्टिफिकेटवर देसाईला दोन एस, आधारवर एक. गावाचं नाव एका ठिकाणी पोर्तुगीज वळणाचं, दुसरीकडे आताचं. रेझ्युमेत दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे नाव ठेवा, म्हणजे पुढे कागदपत्रांच्या वेळी अडत नाही. पीएफसाठी मात्र आधारवरचं नाव पाहतात. पत्त्यात घर क्रमांक आणि वाडा द्यायची गरज नाही. गाव, तालुका आणि 'गोवा' मात्र हवंच. बाहेरून शोधणाऱ्या भरतीवाल्याला साखळी कुठे आली ते माहीत नसतं. इथल्या माणसाला तालुका कळला की कंपनीची बस तिकडून जाते की नाही ते लगेच लक्षात येतं.

जाहिरातीला उत्तर नाही, हा खरा बिघाड

फाइल ठीक असूनही शांतता असेल तर नव्वद टक्के वेळा गोष्ट इथे येते. हा आकडा कुठल्या सर्वेक्षणातला नाही, माझ्या टेबलावरचा अंदाज आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. बीएस्सी केमिस्ट्री झालेली एक मुलगी, औषध कंपनीत क्यूसीमध्ये काम करणारी. तिच्या रेझ्युमेत अनुभवाखाली एवढंच होतं: 'क्वालिटी कंट्रोल विभागात काम. सॅम्पलचं टेस्टिंग. डॉक्युमेंटेशन. वरिष्ठांनी दिलेली इतर कामं.' आणि ती ज्या जाहिरातीला अर्ज करत होती त्यात मागितलं होतं: गोळ्या-कॅप्सूलच्या प्लांटसाठी क्यूसी ऑफिसर, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) आणि डिसोल्युशनचा (गोळी किती विरघळते त्या टेस्टचा) प्रत्यक्ष अनुभव, स्टॅबिलिटी सॅम्पलचं (औषध किती काळ टिकतं ते पाहण्यासाठी ठेवलेल्या) ॲनालिसिस, ओओएस (रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या बाहेर गेला की होणाऱ्या) तपासात सहभाग, डेटा इंटिग्रिटीची जाण, ऑडिटचा अनुभव असल्यास प्राधान्य, शिफ्टमध्ये काम.

"मॅडम, मी रोज तेच तेच करते. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

मग बसून विचारत गेले. एचपीएलसीवर कोणतं सॉफ्टवेअर? एम्पॉवर. कोणत्या टेस्ट? ॲसे (औषधाचं प्रमाण मोजणं), रिलेटेड सबस्टन्सेस (त्यातल्या अशुद्धी मोजणं), आणि डिसोल्युशनची सॅम्पलंही त्यावरच लावते. सॅम्पलं कुठली? फिनिश्ड प्रॉडक्टची आणि स्टॅबिलिटीची, त्यात ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधलीही. रिझल्ट कधी स्पेसिफिकेशनच्या बाहेर गेला होता? हो, तेव्हा सिनियरबरोबर पहिल्या टप्प्याचा तपास तिनेच केला होता: डायल्यूशन बरोबर होतं का, काचेची भांडी कोणती वापरली, सिस्टीम सुटेबिलिटी पास होती का. ऑडिट? "ऑडिटर आले तेव्हा माझी कॉलमची लॉगबुकं मागितली होती, त्यात काही निघालं नाही."

म्हणजे जाहिरातीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ती करत होती. कागदावर त्यातलं एकही अक्षर नव्हतं.

नंतर अनुभवाचा भाग असा झाला (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत मांडते): 'फिनिश्ड प्रॉडक्ट आणि स्टॅबिलिटी सॅम्पलचं एचपीएलसीवर ॲसे व रिलेटेड सबस्टन्सेस ॲनालिसिस, एम्पॉवर सॉफ्टवेअरवर. गोळ्यांचं डिसोल्युशन टेस्टिंग. ओओएसच्या पहिल्या टप्प्यातील प्रयोगशाळा तपासात सहभाग, निरीक्षणांची नोंद. इन्स्ट्रुमेंट आणि कॉलम लॉगबुकांची देखभाल. ऑडिटमध्ये तपासणी झाली, त्रुटी निघाली नाही. तिन्ही शिफ्टमध्ये कामाचा अनुभव.'

यातली एकही ओळ वाढवून लिहिलेली नाही. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) हे मशीन तिने फक्त दुसऱ्याला चालवताना पाहिलं होतं, ते लिहिलं नाही. प्रॉडक्टची आणि क्लायंटची नावं, बॅच नंबर यांनाही फाटा दिला. ते कंपनीचं असतं, आणि ते लिहिणारा उमेदवार नव्या कंपनीलाही धोक्याचा वाटतो.

हे चालतं, कारण रेझ्युमे दोघं वाचतात. आधी माझ्यासारखी एचआरवाली, जिला रसायनशास्त्र येत नाही. ती जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदावर आहेत का एवढंच पाहते. मग लॅबचा मॅनेजर. 'एचपीएलसी येतं' याला त्याच्या लेखी काही किंमत नसते, पण 'रिलेटेड सबस्टन्सेस' आणि 'पहिल्या टप्प्याचा तपास' वाचलं की हिने खरंच काम केलंय हे त्याला कळतं. दोघांनाही पटेल अशी ओळ हवी: शब्द जाहिरातीचा, तपशील तुमचा.

तीच मुलगी उद्या क्यूएच्या (क्वालिटी ॲश्युरन्स) डॉक्युमेंटेशनच्या जागेला अर्ज करणार असेल, तर हाच रेझ्युमे चालणार नाही. तिथे लॉगबुकं, ऑडिट, ओओएसच्या नोंदी वर येतील. एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात असेल, डेव्हिएशन (त्या पद्धतीपासून झालेली चूक) किंवा कॅपा (चूक सुधारण्याची आणि परत न होण्याची उपाययोजना) हाताळलं असेल तर ते आधी. एचपीएलसी एका ओळीत खाली. माणूस तोच, काम तेच, क्रम बदलला. जागेप्रमाणे रेझ्युमे करणं म्हणतात ते मुख्यतः एवढंच असतं. दर वेळी नवा रेझ्युमे लिहायला कोणी सांगत नाही.

यासाठी सोय अशी करा. एक लांबलचक फाइल ठेवा, ती कुणालाच पाठवायची नाही. आजवर जे जे केलं, कोणत्या मशीनवर, कोणत्या सॉफ्टवेअरवर, किती, कोणाबरोबर, सगळं तिच्यात टाकत जा. अर्ज करायचा झाला की जाहिरात छापा किंवा वहीत उतरवा, मागण्या एकेक करून लिहा, आणि प्रत्येकीपुढे त्या लांब फाइलमधला पुरावा. जाहिरातीत सगळ्यांत वर असलेल्या पहिल्या तीन-चार मागण्या बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाच्या असतात. आणि एखादी गोष्ट जाहिरातीत दोनदा आली असेल, तर त्यांना तिथेच माणूस कमी पडतोय असं समजा. निम्म्याहून जास्त मागण्यांपुढे काहीतरी लिहिता आलं तर अर्ज करा. सगळ्या जुळाव्यात म्हणून थांबू नका. मुली यात उगाच अडून बसतात. मुलगे तीन मागण्या जुळल्या तरी अर्ज करतात आणि कधीकधी नोकरीही मिळवतात.

शब्द त्यांचेच वापरा. जाहिरातीत 'अकाउंट्स पेएबल' आहे आणि तुम्ही 'व्हेंडरची बिलं पाहतो' लिहिलंत, तर काम तेच असूनही शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकेकदा तरी येऊ द्या. 'टॅली येतं' इथे थांबू नका. जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं तुम्ही स्वतः भरत असाल, दर महिन्याची ११ आणि २० तारीख सांभाळत असाल, बँक रिकन्सिलिएशन करत असाल, तर तसं लिहा. ज्या सीएच्या ऑफिसला माणूस हवाय त्याला या तारखांचा ताण ठाऊक असतो, आणि ती ओळ वाचताना त्याला बरं वाटतं.

याच्या उलटही होतं. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले सगळे शब्द पानाच्या तळाशी लपवून टाकायचे, म्हणजे सॉफ्टवेअर फसतं, असं काही व्हिडिओंत सांगतात. मजकूर सिलेक्ट केला की ते दिसतं, आणि दिसलं की अर्ज संपला. दुसरा प्रकार चॅटजीपीटीचा. त्याला नुसतं 'माझा रेझ्युमे चांगला कर' म्हटलं की तो सगळ्यांना सारखाच 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड' करून टाकतो, वर 'कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली' असे हवेतले आकडे घालतो. वापरा, पण आपली माहिती आपण द्या आणि त्याने घातलेला प्रत्येक आकडा खोडून पाहा. "हे तीस टक्के कसे मोजले?" हा प्रश्न इंटरव्ह्यूत येतोच.

पहिलं अर्धं पान

वरची जागा सगळ्यांत महागडी, आणि तिथेच आपण सगळ्यांत फुकटचं लिहितो. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे' हे करिअर ऑब्जेक्टिव्ह मी इतक्या वेळा वाचलंय की डोळा आपोआप त्यावरून सरकतो. त्याजागी दोन ओळींत सांगा: तुम्ही कोण, किती वर्षांचा अनुभव, कोणत्या प्रकारच्या कामाचा, आणि या जागेला लागणारी मुख्य गोष्ट. 'बीएस्सी केमिस्ट्री, ओरल सॉलिड डोसेज प्लांटमध्ये क्यूसीचा अडीच वर्षांचा अनुभव, मुख्यतः एचपीएलसी आणि स्टॅबिलिटी.' वाचणाऱ्याला पुढे वाचायचं की नाही ते इथेच ठरवता येतं.

वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची हे लग्नाच्या बायोडाटाला शोभतं, इथे काढून टाका. आधार आणि पॅन नंबर तर अजिबात नको. रेझ्युमे किती हातांतून जातो ते तुम्हाला कळतही नाही. फोटो मागितला असेल तरच. 'वरील माहिती सत्य आहे' आणि खाली सही, हेही खाजगी नोकरीत लागत नाही. त्या सगळ्याची जागा वाचली की अनुभव वर येतो. फ्रेशरला एक पान, अनुभवी माणसाला दोन. तिसऱ्या पानावर मी क्वचितच जाते.

भाषांची ओळ मात्र गोव्यात काढू नका, विशेषतः हॉटेल, विमानतळ, विक्री, बँक यांसाठी. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि पोर्तुगीज किंवा रशियन थोडंफार येत असेल तर 'बोलण्यापुरतं' असं प्रामाणिकपणे. दुचाकीचा परवाना आहे हेही फील्डच्या कामाला लिहा.

मधली वर्षं: इथलं बाहेरच्याला कळत नाही

हा गोव्याचा खास भाग, म्हणून थोडं थांबते.

डिचोली, सत्तरी, सांगे इकडचे खाणीत काम केलेले लोक. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, मग काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. रेझ्युमेत दिसतं काय? '२०१८ पर्यंत डिस्पॅच क्लार्क', पुढे दोन-तीन वर्षं कोरी. कुंडईतला एचआरवाला समजून घेतो. पण भरती मुंबईहून किंवा बंगळुरूहून होत असेल तर तिथल्या माणसाला तुम्हाला काढून टाकलं असंच वाटणार. एक अर्धी ओळ पुरते: 'न्यायालयाच्या आदेशाने राज्यातील खाणकाम बंद झाल्याने नोकरी संपली'. आणि मधल्या काळात ट्रक चालवला, दुकान सांभाळलं, भावाच्या वर्कशॉपचे हिशेब ठेवले, तर ते वर्षांसकट लिहा. त्यात लाज कसली?

शिवाय खाणीतलं काम दुसऱ्या धंद्याच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. वजनकाट्याच्या पावत्या, ट्रकांच्या फेऱ्यांची नोंद, बार्जवर किती माल गेला आणि आवारात किती उरला याचा मेळ, डिझेलचं रजिस्टर: गोदाम किंवा लॉजिस्टिक्सच्या जाहिरातीत हेच 'डिस्पॅच', 'ट्रान्सपोर्टर को-ऑर्डिनेशन', 'स्टॉक रिकन्सिलिएशन' म्हणून मागितलेलं असतं. अर्थात खाण क्लार्कने काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील. मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचं ई-वे बिल २०१८ च्या एप्रिलपासून आलं, म्हणजे खाणी बंद झाल्यानंतर. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर हलवायचा तर ते साधारणपणे लागतं, आणि डिस्पॅचच्या बहुतेक जाहिरातींत ते असतं. शिकायला फार वेळ लागत नाही. शिका आणि मग लिहा.

दुसरा गट हॉटेल आणि शॅकवाल्यांचा. ऑक्टोबर ते मे एका ठिकाणी, पावसाळ्यात शॅक उतरतात, पुढच्या सीझनला दुसरीकडे. तीन वर्षांत चार नोकऱ्या! गोव्याबाहेरचा माणूस म्हणतो, हा कुठेच टिकत नाही. प्रत्येक नोकरीपुढे 'सीझनल कॉन्ट्रॅक्ट, पूर्ण केलं' एवढं लिहिलं की अर्थ बदलतो. त्याच मालकाने पुढच्या वर्षी परत बोलावलं असेल तर ते ठळकपणे सांगा, त्याहून चांगली शिफारस नाही. मोठ्या हॉटेलात अर्ज करताना 'गेस्टला सेवा दिली' असलं मोघम नको. फ्रंट ऑफिसवाल्याने ओपेरा हे हॉटेलचं सॉफ्टवेअर वापरलं, नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब जुळवणं) केलं, परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारे सी-फॉर्म वेळेत भरले हे लिहावं. हाउसकीपिंगवाल्याने एका शिफ्टमध्ये किती खोल्या करतो ते.

लग्नानंतर किंवा मुलांसाठी थांबलेल्या बायकांनी 'कौटुंबिक कारणाने विश्रांती' आणि वर्षं, एवढंच लिहावं. स्पष्टीकरणाचा परिच्छेद नको. घरी बसून ट्युशन घेतल्या किंवा सोसायटीचे हिशेब पाहिले असतील तर ते अनुभवात.

जहाजावर जाणाऱ्यांचं इथे बसत नाही. तारवट्यांचा सीव्ही वेगळाच, त्यात सीडीसी (खलाशाचं ओळखपत्र), एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावर लागणारे सुरक्षा-प्रशिक्षणाचे) कोर्स आणि समुद्रावरचे महिने यांचा तक्ता असतो, आणि एजन्सी आपला नमुना देते.

फ्रेशर

'अनुभव नाही' म्हणून रडू नका, जागा दुसऱ्या गोष्टींनी भरा. फार्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून असो की डिचोलीच्या पॉलिटेक्निकमधून, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलेला असतो. त्यात तुम्ही नक्की काय केलं ते लिहा. सर्किट तुम्ही जोडलं की रिपोर्ट तुम्ही टाइप केला, दोन्ही चालतं, फक्त खरं असू द्या. अप्रेंटिसशिप केली असेल तर ती 'ट्रेनिंग'खाली न लपवता अनुभवात टाका, कंपनी, विभाग, महिने आणि मशीनसकट. आयटीआयची मुलं हे हटकून विसरतात, आणि प्लांटला नेमका तोच अनुभव हवा असतो. दहावीपासूनची सगळी प्रशस्तिपत्रकं मात्र नकोत. चित्रकला स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीस तुमच्या आईसाठी मोलाचं आहे, मेंटेनन्सच्या मॅनेजरला त्याचं काही करता येत नाही.

फोन येतो आणि तिथेच थांबतो

इथे रेझ्युमेत नसलेली माहिती नडते. नोटीस पिरियड ९० दिवस आहे हे फोनवर कळलं आणि त्यांना माणूस पंधरा दिवसांत हवा, तर दोघांचाही वेळ गेला. ईमेलमध्येच लिहा: नोटीस पिरियड, शिफ्टची तयारी, वेर्ण्याला रोज येणं जमणार की तिकडे राहणार. काणकोणहून अर्ज करणाऱ्याला हा प्रश्न विचारला जाणारच आहे.

फोनवर "तुमच्या रेझ्युमेत लिहिलंय त्याबद्दल सांगा" म्हटल्यावर तुम्ही गप्प झालात, तर त्या ओळी तुमच्या नाहीत. 'ॲडव्हान्स्ड एक्सेल' लिहिणाऱ्याला मी व्हीलुकअप विचारते. नाही आलं, तर बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो. अशी ओळ काढा किंवा आठवडाभर बसून ती खरी करा.

रेझ्युमेचा दोष नसतो तेव्हा

फाइल नीट, शब्द जुळलेले, पाच-सहा अर्ज त्या त्या जागेप्रमाणे बदलून पाठवलेले, आणि तरीही काही नाही, असं होतं. काही जागा आतल्या माणसासाठी ठरलेल्या असतात आणि जाहिरात फक्त नियमापुरती असते. तुम्हाला ते बाहेरून कळणार नाही, आणि त्यावर रेझ्युमे घासत बसून उपयोग नाही. अशा वेळी त्या कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्याला आतल्या रेफरल पद्धतीने रेझ्युमे पुढे द्यायला सांगा. हा वशिला नव्हे. तो फक्त तुमचा कागद योग्य टेबलावर ठेवतो, निवड तिथला मॅनेजरच करतो. सांगताना त्या पदासाठी बदललेलाच रेझ्युमे द्या. 'काहीही चालेल' असं म्हणून दिलेला रेझ्युमे तो कुणाकडे पुढे करणार?

आणि उलट बाजू: काहीच न विचारता, इंटरव्ह्यू न घेता लगेच 'सिलेक्ट झालात' म्हणणारे. मग ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकलचे पैसे. खऱ्या कंपन्या असले पैसे आधी मागत नाहीत. आखाती देशांतली नोकरी सांगणारा एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. क्रूझ किंवा मालवाहू जहाजावर लावणाऱ्या एजन्सीकडे शिपिंग महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते तपासा. परवान्याचा नंबर मागा, स्वतः पोर्टलवर टाकून बघा, आणि तोवर पासपोर्टची मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका.